अण्णांची फियाट आणि दोन जावई

भिका स्पेअर पार्टवाल्याच्या पोटात दोन गोष्टी टिकत नाहीत, एक तिखट आणि दुसरी बातमी. तिखट तो टाळतो. बातमी मात्र स्कूटरच्या डिकीत, क्लच प्लेटी आणि ब्रेक लायनरच्या संगतीने, नाशिकभर वाटत हिंडतो. त्या दिवशी पेठ नाक्याजवळ जयराम आहेरच्या गॅरेजात तो शिरला तेव्हा त्याचा चेहरा इतका सोज्वळ झाला होता की जयरामने हातातला पाना खाली ठेवला. भिका सोज्वळ दिसला की कोणाच्या तरी पोटात आग पडणार, हे ठरलेलं.

“काही नाही, सहज आलो,” भिका म्हणाला.

“सहज येणारा माणूस आहेस का तू?”

“पाथर्डी फाट्यावर गेलो होतो, सुनीलभाऊंकडे. बाहेर एक फियाट उभी होती. गडद हिरवी. मागच्या काचेवर सप्तशृंगी मातेचं चित्र. म्हटलं, अशा गाड्या आता राहिल्यात कुठे.”

जयरामने फडक्याला हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला.

“नंबर काही मी बघितला नाही,” भिका म्हणाला. म्हणजे त्याने नंबर पाठ केला होता.

नंबर सांगायची गरज नव्हती. जिल्ह्यात तशी गाडी एकच. सटाण्याचे धोंडीराम खैरनार, कांद्याचे जुने व्यापारी, म्हणजे जयरामचे सासरे, यांची. त्यांना सगळा तालुका अण्णा म्हणतो. आणि सुनील म्हणजे जयरामचा साडू, अण्णांच्या धाकट्या मुलीचा, मीनाचा नवरा. आता साडू हे नातं कसं असतं ते ज्याला साडू आहे त्यालाच ठाऊक. भाऊ असता तर भांडता येतं, परका असता तर विसरता येतं. साडूच्या बाबतीत दोन्ही करता येत नाही. सणासुदीला शेजारी बसून हसत जेवावं लागतं.

जयरामचं दुखणं नुसत्या गाडीचं नव्हतं. त्याला बायको मिळाली ती या गाडीमुळे. वीस-बावीस वर्षांचा असताना तो कोणाची तरी जीप पोचवायला सटाण्याला गेला होता. बाजार समितीच्या फाटकात ही फियाट रुसून बसली होती आणि भोवती दहा शहाणे जमले होते. जयरामने कार्बोरेटर उघडला, तोंडाने फुंकर मारून बारीक भोकातला कचरा काढला, आणि गाडी सुरू झाली. अण्णांनी त्याला घरी चहाला नेलं. चहा त्यांच्या थोरल्या मुलीने, उज्वलाने आणला. पुढचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तेव्हापासून त्या गाडीचं बॉनेट जयरामशिवाय कोणी उघडलं नव्हतं. दर महिन्याला अण्णा गाडी घेऊन नाशिकला यायचे, दिवसभर गॅरेजातल्या बाकड्यावर बसायचे, कांद्याच्या भावावर आणि नातेवाइकांच्या चुकांवर बोलायचे, आणि संध्याकाळी जाताना म्हणायचे, “जयरामराव, तुमचा हात लागला की हिला बरं वाटतं.” सासुरवाडीत त्याला तेवढा एकच मान होता, पण तो त्याच्या एकट्याचा होता.

सुनीलकडे बाकी सगळं होतं. पाथर्डी फाट्याला मोठं गॅरेज, पुढे काचेचं ऑफिस, त्यात एसी, गिऱ्हाइकाला कॉफी देणारं यंत्र, आणि कामगारांच्या पाठीवर छापलेलं नाव. अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनला नाशिकला आले तेव्हा उतरलेही त्याच्याकडेच. कारण काय, तर त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. जयराम तळमजल्यावर राहतो. तळमजल्याला लिफ्ट लागत नाही, हा मुद्दा त्याने उज्वलाला चार वेळा समजावून सांगितला होता.

त्या दुपारी तो जेवायच्या वेळेआधीच घरी आला.

“तुला माहीत होतं?”

उज्वला भाजी निवडत होती. “काय?”

“गाडी सुनीलकडे गेली ते.”

“परवाच कळलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परवापासून जेवला नसता. म्हटलं, दोन दिवस तरी जेवू दे.”

“अण्णांनी मला विचारलं पण नाही.”

“दोनदा तुम्हीच केली ना दुरुस्त? दोनदा बंद पडली. आता म्हाताऱ्या माणसाने तिसऱ्यांदा घाटात बसायचं का?”

हे बोलणं जयरामच्या वर्मी बसलं, कारण ते खरं होतं. दिवाळीपासून फियाटला एक विचित्र खोड लागली होती. सटाण्याहून निघाली की सपाटीला सुरळीत चालायची. भावडबारीचा घाट चढायला लागली की मात्र खोकल्यासारखे झटके द्यायची, पिकअप पडायचा, पाय दाबावा तेवढी गाडी मंद व्हायची, आणि शेवटी उभी राहायची. मग अण्णा उतरायचे, पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीत काडी घालून बघायचे, कारण पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. पेट्रोल असायचं. मग सावलीला बसून थोडं थांबायचं. गाडी पुन्हा सुरू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं.

थांबली की चालते म्हणजे तापते, असं जयरामने ताडलं. कोणीही तेच ताडलं असतं. पहिल्या खेपेला त्याने प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं बदललं, कार्बोरेटर धुतला. दुसऱ्या खेपेला टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपच नवा टाकला, इंजिनाच्या आचेपासून नळी दूर बांधली. दोन्ही वेळा ट्रायल घेतली, गाडी हरणासारखी पळाली. आणि दोन्ही वेळा अण्णांना घेऊन ती घाटातच अडून बसली.

आणि आता अण्णांनी नवीनच फर्मान काढलं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुली गाडी चालवू देत नाहीत, मग गाडी दारात धूळ खात कशाला ठेवायची. त्यांनी मीनाला समोर बसवून आणि उज्वलाला फोनवर धरून एकदमच सांगितलं, “जो हिला बरी करी, तो हिला घेऊन जाई. धोंड्याच्या जेवणाला चावी ताटात देतो.”

अधिक महिना चालू होता. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, वाण द्यायचं, ही रीत. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयांच्या जातीला फार मानवतो. पण यंदा जयरामला धोंडा घशाखाली उतरेल असं दिसत नव्हतं. फियाट सुनीलच्या दारात उभी राहणार, आणि येणारा-जाणारा विचारणार की ही कुणाची, आणि सुनील सांगणार की सासऱ्यांनी दिली, थोरल्याला जमली नाही. नुसत्या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

चार दिवसांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुनीलने फोटो टाकला. फियाट धुऊन-पुसून चकाचक, नवी सीट कव्हरं, आणि खाली लिहिलेलं, “अण्णांची राणी तयार. नवी कॉइल, नवा कार्बोरेटर.” मावसभावंडांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांनी अंगठे दिले. जयरामने फोटो मोठा करून बघितला. टायरला काळं पॉलिश लावलं होतं.

“इंजिनाला दम नाही आणि टायरला पॉलिश,” तो म्हणाला.

“अंगठा तरी द्या. सगळ्यांना दिसतंय तुम्ही बघितलंय ते,” उज्वला म्हणाली.

“माझ्या अंगठ्याला ग्रीस लागलंय.”

जेवणाच्या दिवशी सकाळी सगळे सुनीलच्या इमारतीखाली जमले. सटाण्याला निघायचं होतं. सुनील फियाट चालवणार, शेजारी अण्णा, मागे सासूबाई मालनबाई आणि मीना. जयराम आणि उज्वला त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये मागून. सुनीलची स्वतःची मोठी गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली होती. जयरामची नजर तिथे अडकली. स्वतःची गाडी घरी ठेवून निघालाय, म्हणजे परत कशातून यायचं ते गड्याने आधीच ठरवलंय.

मालनबाईंनी वाटीत तेलात कालवलेलं कुंकू आणलं होतं. लांबच्या वाटेला निघायचं तर गाडीची पूजा केल्याशिवाय त्या बसत नाहीत. एक बोट बॉनेटला लावलं, आणि एक मागच्या अंगाला, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला.

“तिथं कशाला, आई?” मीनाने विचारलं.

“तिथून खाते ना ती. तोंडाला नको का लावायला?”

“दादा, निघायचं?” सुनीलने हसत विचारलं. “तुम्ही पुढे राहता का?”

“नाही, मी मागेच बरा,” जयराम म्हणाला. “काही लागलं तर हाताशी असावं माणसाने.”

व्हॅनमध्ये बसल्यावर उज्वला म्हणाली, “काही लागावं म्हणून मागे राहिलात.”

“मी कशाला तसं म्हणेन?”

“म्हणत नाही हो तुम्ही. डोळ्यात दिसतं.”

डोळ्यात दिसत होतं खरं. आडगाव मागे पडलं, पिंपळगाव मागे पडलं, आणि हिरवी फियाट पुढे अशी डौलात चालली होती की जयरामला तिचा राग यायला लागला. इतकी वर्षं हिच्या नळ्या तोंडाने फुंकल्या, हिच्याखाली पाठ टेकून झोपलो, आणि ही दुसऱ्याच्या हातात कशी मुरडत चालली आहे. माणसाने बायकोबद्दल असा विचार केला असता तर घर मोडलं असतं. धुराड्याकडे बघून तो काळा धूर शोधत होता. धूर नव्हता. आवाजात खोट शोधत होता. आवाज सनईसारखा.

“चांगली चाललीये हं,” उज्वला म्हणाली.

“अजून सपाटी आहे.”

सोग्रस फाट्याला वळले. उन्हाने डांबर वितळायला आलं होतं. जयराम मनातल्या मनात देवीला काहीतरी म्हणत होता, आणि तो नवस आपल्या सासऱ्याची गाडी बंद पडावी म्हणून होता, हे देवीच्याही लक्षात आलं असणार. घाटाचा पहिला चढ फियाटने एका दमात घेतला. जयरामचं तोंड उतरलं. दुसऱ्या वळणावर तिने एक हलकासा हिसका दिला.

जयराम सरळ बसला.

आणखी एक हिसका. मग दोन लागोपाठ. मागून बघताना अण्णांची टोपी पुढे-मागे हलताना दिसत होती. सुनील गिअर टाकत होता, रेस करत होता, आणि तेवढी गाडी मरगळत होती. शेवटी ती कडेला जाऊन उभी राहिली.

“अरे अरे,” जयराम म्हणाला. “बिचारा.”

“हसू नका. पान खाल्ल्यासारखं तोंड झालंय तुमचं,” उज्वला म्हणाली.

व्हॅन मागे लावून तो सावकाश उतरला. जाताना कडेला काकड्या विकणाऱ्या बाईकडून एक काकडी घेतली, मीठ-तिखट लावून घेतली, आणि खात खात फियाटपाशी आला. सुनील बॉनेट उघडून आत वाकला होता. एसीतल्या माणसाच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“काय झालं, सुनीलराव?”

“काही नाही, दादा. गरम झाली असेल.”

“कॉइल तर नवी ना?”

“नवी आहे.”

“कार्बोरेटर पण नवा. फोटोत बघितला मी.” जयरामने काकडी करकरून चावली. “हल्ली नवं सामानच चांगलं येत नाही.”

सुनीलने वर बघितलं नाही. मीना मागच्या सीटवरून म्हणाली, “दाजी, तुम्हाला कळत असेल तर बघा ना, तिथे उभे राहून चव कशाला घेताय?”

“नाही बाई. दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही.”

अण्णा तोपर्यंत उतरून मागे आले होते. सवयीप्रमाणे त्यांनी डिकीतून तुरीची काडी काढली आणि टाकीचं झाकण फिरवायला लागले. “काय दुखी राहिनं हिचं, कळत नही,” ते पुटपुटले. झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी जोर लावला, झाकण सुटलं, आणि त्याच क्षणी टाकीने एक श्वास घेतला. लांबलचक, आत ओढलेला. कोंडून ठेवलेल्या माणसाला दार उघडून द्यावं तसा.

घाटातून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्यामुळे तो आवाज कोणाला ऐकू गेला नाही. जयराम मात्र दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तोंडातली काकडी चावायचं तो विसरला.

“धरा हे जरा, जयरामराव,” म्हणत अण्णांनी झाकण त्याच्या हातात दिलं आणि टाकीत काडी घातली.

जयरामने झाकण उलटसुलट केलं. जुन्या गाड्यांच्या झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. हवा आली नाही तर आत पोकळी तयार होते, आणि पंपाने कितीही ओढलं तरी टाकी पेट्रोल सोडत नाही. या झाकणाचं भोक कुठे दिसतच नव्हतं. त्यावर तेलकट कुंकवाचे थर होते, दसऱ्याचे, पाडव्याचे, प्रत्येक लांबच्या वाटेचे, एकावर एक वाळलेले. जयरामने झाकण तोंडाजवळ नेलं आणि गुपचूप फुंकलं. पलीकडे काही गेलं नाही.

सगळं एकदम त्याच्या डोक्यात उजेडासारखं पडलं. सपाटीला झाकणाच्या रबराच्या फटीतून थोडीफार हवा शिरते, तेवढ्यात भागतं. घाटात इंजिन जास्त मागतं आणि उपाशी मरतं. अण्णा काडी घालायला झाकण उघडतात, हवा आत जाते, आणि गाडी बरी होते. सावलीने नव्हे, थांबण्याने नव्हे. आणि त्याने स्वतः दोन्ही वेळा ट्रायल घेतली ती पेट्रोल पंपावर टाकी फुल केल्या केल्या. सासऱ्याची गाडी जावयाने रिकामी कशी द्यायची. झाकण नुकतंच उघडलेलं, गाडी पळणार नाही तर काय. दोन दोन वेळा तो आपल्याच तोऱ्याने फसला होता.

आणि सुनीलही तस्साच फसला होता. हे लक्षात आल्यावर जयरामला फार गोड वाटलं.

“पेट्रोल शे,” ओली काडी दाखवत अण्णा म्हणाले. जयरामने झाकण त्यांच्या हातात ठेवलं. अण्णांनी ते लावलं. इकडे सुनीलने कॉइलची एक वायर दाबली आणि ओरडून मीनाला पुढे होऊन चावी फिरवायला सांगितलं. गाडी सुरू झाली.

“वायर सैल होती, अण्णा,” सुनील कपाळ पुसत म्हणाला. “बाकी काही नाही.”

“व्वा,” अण्णा म्हणाले. “लगेच सापडली.”

आता हे ऐकून जयरामने तोंड उघडायचं, तर त्याने उरलेली काकडी खाल्ली. उघडून सांगितलं असतं तर गाडी त्याची होती. पण त्याच्या मनात त्याहून चविष्ट बेत शिजला. घेऊन जाऊ दे की यालाच. आज जाईल, उद्या मीनाला घेऊन वणीला निघेल, आणि चढावर बसेल. पुन्हा कॉइल बदलेल, पुन्हा बसेल. पाथर्डी फाट्याच्या काचेच्या ऑफिसासमोर फियाट दोरीने ओढत येईल, आणि भिका ती बातमी रोज नव्या मसाल्याने पेठ नाक्यावर घेऊन येईल. आयुष्यभराची करमणूक.

सटाण्यात दुपारी पानं मांडली. दोन जावयांना दोन पाट शेजारी शेजारी, समया लावलेल्या. मालनबाईंनी दोघांना ओवाळलं. धोंडे, अनारसे, आमरस. जयरामने इतक्या समाधानाने तिसरी वाटी आमरसाची मागितली की उज्वला वाढता वाढता थांबली.

“बरं आहे ना तुम्हाला?” तिने हळूच विचारलं.

“उत्तम.”

“तेच म्हणते मी. काय केलंत?”

“काहीच केलं नाही.” ते अगदी खरं होतं.

अण्णांनी अनारशांच्या ताटात चावी ठेवली आणि ताट सुनीलपुढे सरकवलं. “शब्द दिला व्हता. ही तुमची.”

सुनीलने चावी उचलली, कपाळाला लावली, आणि तशीच जयरामच्या ताटापाशी ठेवली.

“दादा, ही तुम्ही ठेवा.”

“मी?”

“माझ्याकडे सोसायटीत एकच पार्किंग आहे. कुठे उभी करू? आणि तुम्हाला तिची हौस आहे, मला माहीत आहे. आता दुरुस्त झालीच आहे, तुम्हाला त्रास नाही देणार. माझ्याकडून समजा.”

सुनीलच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. सगळं माजघर कौतुकाने त्याच्याकडे बघत होतं. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा मान हलवत होते. ज्या गाडीसाठी जयराम दिवाळीपासून जळत होता, ती साडूने नको असलेल्या सदऱ्यासारखी त्याच्या अंगावर टाकली होती. शिवाय “दुरुस्त झालीच आहे.” आणि “माझ्याकडून.”

धोंडा जयरामच्या घशात अडकला. पाणी पिऊन त्याने तो खाली ढकलला, आणि त्याच्याबरोबर सकाळचा सगळा चविष्ट बेतही खाली गेला.

“दुरुस्त झालेली नाही ती,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“कॉइलचा दोष नाही, कार्बोरेटरचा नाही, तुमच्या वायरचा तर मुळीच नाही.” तो पाटावरून उठला, उष्ट्या हाताने तसाच अंगणात गेला, आणि झाकण घेऊन आला. अण्णांसमोर धरलं. “फुंका यात.”

अण्णांनी फुंकलं. गाल फुगले, हवा तिथेच राहिली.

“आई, तुमच्या बांगडीतली पिन द्या.”

मालनबाईंनी पिन काढून दिली. जयरामने खपली खरवडली, टोचलं, लाल भुगा चावीशेजारी ताटात पडला. “आता फुंका.”

आता हवा शीळ घालत पलीकडे गेली. जयरामने सगळं समजावलं, हवा, पोकळी, घाट. समजावताना त्याचा आवाज हळूहळू मोठा झाला आणि छाती त्याहून मोठी.

सुनील पाटावर विचार करत बसला होता. “पण मग माझ्याकडे ट्रायलला पळाली कशी? एक झटका दिला नाही.”

“ट्रायलच्या आधी काय केलं होतं?”

“काय करणार? टाकी फुल केली. अण्णांची गाडी रिकामी कशी द्यायची?”

“तिथेच,” जयराम विजयाने म्हणाला. “झाकण उघडलं, हवा आत गेली, आणि तुम्हाला वाटलं गाडी बरी झाली. तोरा नडला.”

“अहो,” उज्वला आमरसाचं भांडं हातात घेऊन म्हणाली, “तुम्ही पण दोन्ही वेळा फुलच करून दिली होती ना?”

आधी मीना हसली. मग अण्णा हसले, आणि मग सुनील इतका हसला की त्याला ठसका लागला. जयरामने बसल्या बसल्या पाट जरा मागे सरकवला. मालनबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“म्हणजे माझ्या कुंकवाने झालं म्हणता?” त्या म्हणाल्या. “तिला श्वास घ्यायला तिथे भोक आहे हे मला कोणी सांगितलं? इतके शिकलेसवरलेले जावई, एकानेसुद्धा सांगितलं नाही. मी आपली देवाधर्माची बाई.”

“तुमचा दोष नाही, आई.”

“माझा कुठून असेल?”

हसणं विरलं तेव्हा अण्णा झाकण हातात फिरवत होते. “जयरामराव,” ते म्हणाले, “हे तुम्हाला केव्हा कळलं?”

जयरामने आमरसाची वाटी जवळ ओढली.

“घाटात मी झाकण तुमच्या हाती दिलं व्हतं. तेव्हाच ना?”

“हो.”

“मग आत्तापर्यंत?”

आत्तापर्यंत आमरस खात होतो, हे काही सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. सुनीलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. त्यालाही हिशेब कळला.

“म्हणजे मी ही गाडी घेऊन जाणार होतो, मीनाला बसवून,” तो म्हणाला, “आणि तुम्ही जाऊ देणार होतात.”

“घाटात काय, सावली असते,” जयराम कसंबसं म्हणाला. कोणी हसलं नाही.

अण्णांनी चावी उचलली आणि जयरामच्या हातात दिली. “शब्द तो शब्द शे. तुम्ही बरी केली, तुमची.” पण हात लागला की हिला बरं वाटतं, हे वाक्य त्यांनी या वेळी म्हटलं नाही. जयराम वाट बघत होता.

परतताना फियाट जयरामने चालवली आणि व्हॅन सुनीलने. भावडबारीचा घाट हिरव्या गाडीने एका दमात पार केला, एक हिसका नाही. पेठ नाक्यावर लोक बघायला आले. भिकाने दोनदा फेरी मारली, एकदा गाडी बघायला आणि एकदा आणखी चौकशीला. जयरामने ती गॅरेजाच्या पुढे, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली, आणि आठवडाभर त्याच्यासारखा सुखी माणूस नाशकात नव्हता.

मग महिना संपला आणि अण्णा आले नाहीत. येणार कशाला? गाडीच दारात नव्हती. पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला आले ते सुनीलच्या मोठ्या गाडीतून. सुनील स्वतः सटाण्याला जाऊन घेऊन आला होता. ही बातमी अर्थात भिकाने आणली. अण्णा पुढच्या सीटवर बसतात, सुनीलने त्यांना कॉफीचं यंत्र चालवायला शिकवलं, आणि ते काचेच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांना कांद्याचे भाव सांगतात.

“खुर्ची गोल फिरणारी आहे,” भिका म्हणाला. “अण्णांना फार आवडली.”

“तुला कोणी विचारलं?”

“नाही. सहज.”

जयरामने गॅरेजातल्या बाकड्याकडे बघितलं. त्यावर कोणीतरी टायरच्या ट्यूब ठेवल्या होत्या. गाडी मिळवली त्याने, पण म्हातारा त्या गाडीच्या मागोमाग यायचा, तो आता साडूच्या दारात उतरत होता. हे जळणं आधीच्या जळण्यापेक्षा वेगळं होतं. आधी निदान कोणाला तरी दोष देता येत होता.

ट्यूब उचलून त्याने कोपऱ्यात फेकल्या. फडक्याने बाकडं पुसलं. अण्णा एव्हाना सटाण्याला परतले होते. त्याने तिकडे फोन लावला.

“अण्णा, जयराम बोलतोय.”

“बोला, जयरामराव.”

“काही विशेष नाही. गाडी जरा आवाज करतेय.”

“कसला आवाज?” अण्णांचा सूर चटकन जागा झाला.

जयरामने फियाटकडे बघितलं. ती मुक्याने उभी होती. “तेच कळत नाही. मला वाटलं, तुम्हाला विचारावं. तिचा आवाज तुमच्याइतका कोणाला कळणार?”

“चालताना येतो की उभी असताना?”

“फोनवर नाही सांगता यायचं. ऐकावाच लागेल.”

“ऐकतो मग,” अण्णा म्हणाले. “सुनीलरावांना सांगतो, रविवारी मला तिकडे सोडा म्हणून. ते पण ऐकतील.”

“नको,” जयराम घाईने म्हणाला. “सुनीलरावांना कशाला त्रास. मीच येतो तुम्हाला न्यायला. आत्ता निघतो.”

“आत्ता? आवाज करी राहिनी ना गाडी?”

“करतेय,” जयराम फियाटचं दार उघडत म्हणाला, “पण सटाण्यापर्यंत येईल.”